बिअरला शिकरणाचा वास

सप्टेंबरातल्या एखाद्या सकाळी बोटं गारठतात, मी हीटिंग लावते, आणि जिन्यावरच्या कपाटातून शिकरणाचा वास यायला लागतो. गरम पाण्याची टाकी असते ते कपाट. इथे त्याला एअरिंग कपबर्ड म्हणतात. टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे त्यात ठेवायचे, म्हणजे इंग्रजांच्या या ओल्या देशात निदान तेवढे तरी कोरडे राहतात. आमच्या पिनरच्या घरात त्याच कपाटात इडलीचं पीठही ठेवतात. पिठाचा वास येतो आणि जातो. शिकरणाचा मात्र फळीच्या लाकडात मुरलाय. व्हिनेगरने पुसून झालं, सोड्याने घासून झालं, लिंबाच्या फोडी ठेवून झाल्या. काळी पडलेली केळी कुस्करून कोणीतरी विसरून गेलंय, असा तो वास आहे. हे कोणीतरी म्हणजे माझा नवरा शिरीष, आणि त्याने काही शिकरण केलं नव्हतं. त्याने बिअर केली होती.

केली होती हेसुद्धा मी भिडेखातर म्हणते. ती खोक्यात जवळजवळ तयारच आली होती. खोक्यावर आंबा, संत्रं आणि कुठलंतरी जांभळं फळ हवेत उडत होतं, आणि खाली गव्हाची एक ओंबी, बिचारी, कोपऱ्यात उभी. ‘फ्रूटी, हॉपी व्हीट एल’ असं शिरीषने मला मोठ्याने वाचून दाखवलं. गव्हाची, फळांच्या चवीची आणि हॉप्स नावाच्या कडसर फुलांच्या वासाची बिअर.

“यात फळ कुठंय?” मी विचारलं.

“फळ नसतं गं. फळाचा भास असतो.”

आमरसात तूप कमी पडलं तर ज्याचं जेवण होत नाही तो हा माणूस, भासाच्या आंब्यासाठी इतका हरखून गेला होता. खोक्यात काकवीसारखा दाट पाक भरलेल्या दोन पिशव्या होत्या, यीस्टची एक पुडी होती, आणि दुसऱ्या पुडीत कोंबड्यांच्या खाद्यासारख्या हिरव्या गोळ्या. हेच ते हॉप्स. पाक बादलीत ओतायचा, पाणी घालायचं, यीस्ट भुरभुरवायचं, झाकण लावायचं आणि वाट बघायची. याला छंद म्हणायचं तर दोन मिनिटांच्या नूडल्सना पाककला म्हणावं लागेल. हे मी तेव्हाच त्याला सांगितलं होतं. तो सूचनांचा कागद वाचत होता, त्याने मान हलवली.

या देशातल्या शरद ऋतूबद्दल लोक फार हळवं बोलतात. पानं लाल होतात, ऊन तिरपं होतं, हवेत धूर असतो वगैरे. मला त्यात ओलं कुजणं दिसतं. फुटपाथवर चेस्टनटची फळं फुटून पडलेली, बाथटबमध्ये रोज एक नवा कोळी, आणि दुकानात भोपळे, जे कोणी खात नाही, नुसते कोरून ठेवतात. याच दिवसांत आमच्या रस्त्यावरच्या पुरुषांना काहीतरी करून दाखवायची हुक्की येते. शेजारचा एक जण पाव आंबवतो आणि त्या पिठाला त्याने नाव ठेवलंय. समोरचा मध गोळा करतो. आमच्या मराठी मंडळींतले दोघं व्हिस्कीवर तासतासभर बोलतात, आणि हे दोघंही वयाच्या चाळिशीपर्यंत उसाच्या रसावर खूश होते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय. पण शिरीष त्यांच्यातला नव्हता. स्लाऊला नोकरी, घरी येऊन वरणभात, शनिवारी गवत कापणं. बिअर त्याला कधी आवडलीच नाही. पिकनिकला एक कॅन हातात धरून फिरायचा आणि शेवटी झुडपात ओतायचा.

तेव्हा त्याने बिअर का करायला घेतली, हे मला खोकं उघडायच्या आधीच माहीत होतं.

आमची मुलगी इरा त्या उन्हाळ्यात तिच्या मित्राला, टॉमला, घेऊन दोनदा घरी आली. ती ब्रिस्टलला नोकरी करते, टॉमही तिथलाच. दाढी राखलेला, सभ्य, बूट दाराशी न सांगता काढणारा. त्याच्यात खोट काढायला मी बसले आणि मला काही मिळालं नाही, याचाही मला राग आला. जेवायला बसल्यावर शिरीष आणि टॉम ब्रिस्टलहून पिनरला कुठल्या रस्त्याने यावं यावर बोलले. वडे संपले, भात आला, तरी ते मोटरवेवरच होते. शेवटी टॉमने सांगितलं की तो घरामागच्या शेडमध्ये स्वतः बिअर करतो. शिरीष म्हणाला, “ओह, व्हेरी नाइस.” मग दोघंही ताटाकडे बघायला लागले.

त्याच दुपारी इराने फ्रिजपाशी उभं राहून मला विचारलं, “आई, फ्रिज उघडू का?”

ही मुलगी या घरात वाढली. फ्रिजचं दार उघडं टाकून उभ्या उभ्या श्रीखंड चाटणारी, ओली पाठ सोफ्याला लावणारी, ‘हे काय, आज पण दोडका?’ म्हणून ताट सरकवणारी. आता कोट खुंटीला नीट लावत होती आणि फ्रिज उघडायची परवानगी मागत होती. इंग्रजांचा हा शिष्टाचार मी कामावर, इथल्या नगरपालिकेच्या म्हणजे कौन्सिलच्या तक्रार विभागात, रोज ऐकते. ‘सो सॉरी टू बॉदर यू’ म्हणून सुरुवात करतात, म्हणजे माणूस आपला गळा धरणार आहे. त्या शिष्टाचाराचं मला नवल नाही. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच पोटच्या पोरीच्या तोंडी तो ऐकला तेव्हा मात्र हातातलं फडकं टाकून मीच फ्रिजचं दार उघडून दिलं.

ते गेल्यावर शिरीष बराच वेळ खिडकीशी उभा होता. “ती पाहुण्यासारखी वागली गं,” तो म्हणाला.

“वळण चांगलं लावलंय आपण.”

तो हसला नाही. “टॉमशी मला बोलता आलं नाही तर ती अवघडत राहणार. मग येणं कमी होईल. मग नुसते फोन. मला नकोय तसं.”

“मग तिच्याशी बोल. बिअर कशाला?”

तेव्हा त्याने बिअरचं नावही काढलं नव्हतं. माझ्या तोंडून ते आधी निघालं, कारण इतक्या वर्षांत त्याचा मेंदू कुठल्या वळणाने जातो ते मला पाठ झालंय. दुसऱ्याच आठवड्यात खोकं आलं.

खोक्याबरोबर घरात सोवळं आलं. माझ्या आईच्या सोवळ्याची शिरीषने किती टिंगल केली होती! ओलेत्याने स्वयंपाक, हिला शिवू नका, तिकडे हात लावू नका. जावईबापू गालात हसायचे आणि मुद्दाम जाऊन लोणच्याच्या बरणीला बोट लावायचे. तोच माणूस आता रबरी हातमोजे घालून, पुडीतली पावडर पाण्यात कालवून, बादली धूत होता, चमचा धूत होता, चमचा ठेवायची ताटली धूत होता. “मेधा, हात लावू नकोस, स्टरलाइझ केलंय!” मी चहाला पाणी ठेवायला आले तर मला दाराशीच थांबवलं. आईच्या सोवळ्यातून निदान पुरणपोळी निघायची. बादलीच्या बाबतीत आधी त्याची नजर आमच्या गणपती विसर्जनाच्या बादलीवर गेली होती, कारण ती चांगली मोठी आणि झाकणाची. मी नुसतं बघितलं. त्याने ती गुपचूप जागेवर ठेवली आणि वॉटफर्डला जाऊन नवी आणली.

आता बादली कुठे ठेवायची? कागदावर लिहिलं होतं, खोलीच्या तापमानाला, उन्हापासून दूर. कोणाही शहाण्या माणसाने ती जेवणघराच्या कोपऱ्यात ठेवली असती. पण आमच्या घरात आंबवायचं काहीही असलं की ते ऊबेतच जातं. दही लावलं, गुंडाळ. पीठ भिजवलं, कपाटात ठेव. शिरीषने आयुष्यभर हेच बघितलं होतं आणि स्वतः कधी केलं नव्हतं, त्यामुळे त्याचा यावर गाढ विश्वास. त्याने बादली एअरिंग कपबर्डमध्ये टाकीला चिकटवून ठेवली आणि वरून सोलापुरी चादर गुंडाळली, कानटोपी घातल्यासारखी झाकणापर्यंत. झाकणावरच्या नळीतून बुडबुड सुरू झाली. तो जिन्यावर बसून ऐकायचा. कामावरून आला की बूट न काढता आधी वर. इराच्या पाळण्याशी इतका बसला असता तर मला चार झोपा जास्त मिळाल्या असत्या, असं मी म्हटलंही.

आणि मग गणपती आले.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. मूर्ती समोरच्या खोलीत, आणि बरोब्बर तिच्या डोक्यावर, छताच्या पलीकडे, बिअरची बादली. हे शिरीषच्या आदल्या दिवशी लक्षात आलं. त्याचा देवावर विश्वास नाही, भीती मात्र आहे. “दीड दिवस गॅरेजमध्ये ठेवतो,” तो म्हणाला. मग ती भरलेली बादली, चादरीसकट, छातीशी धरून, एकेक पायरी चाचपडत त्याने खाली आणली. गॅरेजमध्ये गारठा. बुडबुड थांबली. विसर्जन झाल्याझाल्या, हातावरचं आरतीचं तेलही न पुसता, त्याने ती परत वर नेली आणि झालेल्या गारठ्याची भरपाई म्हणून दुसरी चादर घातली. मी बघत होते. एकीकडे देवाची भीड, दुसरीकडे यीस्टची काळजी, आणि अक्कल दोन्हीकडे गहाण.

व्हायचं तेच झालं. दोन दिवसांनी केळकरवहिनी प्रसाद न्यायला आल्या होत्या. पिनरमधल्या साऱ्या मराठी घरांच्या त्या सीसीटीव्ही. मोदकाचा घास तोंडाशी नेता नेता थांबल्या. “मेधा, वास कसला येतोय गं? गोडसर?”

“इडलीचं पीठ आहे, वहिनी.”

“इडलीच्या पिठाला केळ्याचा वास?”

इतक्यात वरती फट्‌कन आवाज झाला. झाकण उडालं होतं. आम्ही वर गेलो तर फेस चादरींवरून, टॉवेलांवरून, माझ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या इस्त्रीच्या अभ्र्यांवरून खाली ओघळत होता. वहिनींनी पदर नाकाला लावला. त्यांना खोटं सांगण्यात आता काही राम नव्हता. “शिरीष बिअर करतोय,” मी म्हटलं. त्या मोदकाचा डबा घेऊन लगबगीने गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत हॅरोपासून वॉटफर्डपर्यंत सगळ्यांना कळलं.

तो केळ्याचा वास कुठून आला हे मला नंतर कळलं. यीस्टला फार ऊब मिळाली की ते असलं काहीतरी सोडतं. म्हणजे आंबा नाही, संत्रं नाही, जांभळं फळ तर नाहीच. शिरीषला आयुष्यात एकच पदार्थ करता येतो, शिकरण. इतका खटाटोप करून, दोन चादरी गुंडाळून त्याने पुन्हा तेच केलं होतं.

पण त्याला ते दिसेना. प्रेमात पडलेल्या माणसाला जसं काही दिसत नाही, तसं. बाटल्यांत भरताना त्याने थोडी चाखली आणि म्हणाला, “फ्रूटी आहे.” प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घालायची असते, म्हणजे फेस येतो. त्याने साखर घातली ती लाडवांच्या हाताने. गॅरेजमधल्या फडताळावर बाटल्या लावून ठेवल्या आणि इराला फोन केला. मी शेजारीच होते. “टॉमला सांग, मी पण केलीये. व्हीट एल. ऑक्टोबरमध्ये याल ना?” तिकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “येतायत,” आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघून मला त्याची दयाही आली आणि चीडही. इतक्या केविलवाण्या गोष्टीवर इतका जीव टांगू नये माणसाने.

बिअर सोडून आता तो टोमॅटो लावतो. ऑक्टोबर आला तरी ते हिरवेच असतात आणि मी चटणी करते. चटणीला नावं ठेवायला त्याला कोणी मनाई केलेली नाही, तोही ठेवतो. आमचं असंच चालतं. बाहेरच्या माणसाला वाटेल, यांचं पटत नाही. पटायचा काय संबंध? ज्याला नावं ठेवावीत असं माणूस घरात असणं, ही काही लहान सोय नाही. या देशात एकमेकांच्या स्वयंपाकाला ‘लव्हली’ म्हणत म्हणत वेगळी झालेली जोडपी मी पाहिली आहेत.

ते दोघं आले तो ऑक्टोबरचा रविवार होता. बाहेर बारीक पाऊस, ज्याला धड पडताही येत नाही. मी मसालेभात केला होता, कोथिंबीर वड्या, मठ्ठा. शिरीषने ग्लास फ्रीझरमध्ये घालून गार केले होते. इस्त्रीचा शर्ट. इरा आली, कोट खुंटीला लावला, “काही मदत करू का?” असं दारातूनच विचारलं, आणि मी नको म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसली.

शिरीषने पहिली बाटली उघडली. ती उघडली असं म्हणणं बरोबर नाही, ती सुटली. फेस टेबलक्लॉथवर, वड्यांवर, टॉमच्या बाहीवर. “नो वरीज, नो वरीज,” टॉम म्हणाला. उरलेली बिअर ग्लासात ओतल्यावर ती मठ्ठ्याइतकी गढूळ दिसत होती, आणि शेजारी खरा मठ्ठा होताच. टॉमने ग्लास नाकाशी नेला.

“आय ॲम गेटिंग... बनाना?”

“येस, येस! इट इज फ्रूटी,” शिरीष म्हणाला. तो बसलाच नव्हता. बाटली हातात धरून टॉमच्या तोंडाकडे बघत उभा होता.

टॉम एक घोट प्यायला. गिळला. “दॅट्स रिअली इंटरेस्टिंग.”

तक्रार विभागात इतकी वर्षं काढल्यावर मला कळतं, इंग्रज माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की फाइल बंद झाली. पण टॉमचा मला राग आला नाही. तो पाहुणा होता आणि पाहुण्यासारखा वागला. राग पुढे आला.

इराने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि खळखळून हसली. “बाबा! ही बिअर आहे का बनाना मिल्कशेक?” मग टॉमकडे वळून, बाबा तिथे नसल्यासारखी, म्हणाली, “ही डझन्ट ईव्हन लाइक बिअर. ही डिड इट फॉर यू.” आणि मग पुन्हा शिरीषला, अगदी गोड आवाजात, “ऑनेस्टली बाबा, यू डोन्ट हॅव टू ट्राय सो हार्ड. वी आर ओन्ली हिअर फॉर लंच.”

“नाही नाही, इट्स जस्ट अ हॉबी,” शिरीष म्हणाला. त्याने टेबलावरच्या बाटल्या गोळा केल्या आणि आत गेला. सिंकमध्ये काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेले. एक बाटली रिकामी झाली होती, दुसरी त्याने तिरपी धरली होती. कान लाल झाले होते.

“ठेव ती खाली.”

“जाऊ दे गं. घाण झालीये.”

“घाण झालीये हे मला तुझ्याआधी माहीत आहे. ठेव.”

मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली, बाहेर आले आणि इराचा ग्लास काठोकाठ भरला.

“इरा,” मी म्हटलं, “ही बिअर घाण आहे. महिनाभर मी हे रोज सांगतेय, आणि मला ते सांगता येतं, कारण मी या घरात राहते. पाहुण्यांनी असं म्हणायचं नसतं. पाहुण्यांनी प्यायचं, छान झालीये म्हणायचं आणि आपल्या घरी जायचं. तू फक्त जेवायला आली आहेस ना? मग पी.”

टॉमला एक शब्द कळला नसेल, पण त्याने हातातला काटा खाली ठेवला. “मेधा, पुरे,” दारातून शिरीष म्हणाला. तिला लागलं हे मला दिसत होतं, मलाही लागलं होतं, आणि तरी त्यातला एकही शब्द मागे घ्यावासा वाटत नव्हता. इराने ग्लासाकडे बघितलं. हनुवटी थरथरली, लहानपणी रडू दाबताना थरथरायची तशी. मग तिने खुर्ची मागे सरकवली आणि उठली.

मला वाटलं, आता कोट घेणार. आता टॉमला खूण करणार, दार लागणार, गाडी सुरू होणार, आणि यापुढे नुसते फोन. शिरीष दाराच्या चौकटीला धरून उभा होता. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

इराने टॉमची प्लेट उचलली. आपली उचलली. माझी, आणि बाबांची, त्यात अर्धा भात तसाच होता. सगळ्या एकावर एक रचून ती शिरीषच्या बाजूने आत गेली. सिंकखालचं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग नळ.

“आई!” ती आतून ओरडली, नाक चोंदल्यासारखा आवाज होता. “हा स्पंज किती घाण आहे! फेकून का नाही देत तुम्ही लोक?”

टॉम गोंधळून माझ्याकडे बघत अर्धवट उठला, मी त्याला हाताने बस म्हणून खुणावलं. शिरीष वळून आत गेला. भांड्यांचा आवाज येत राहिला.

आमच्याकडे पाहुण्यांना भांडी घासू देत नाहीत. मी तिला थांबवलं नाही.